नणंद-भावजयींची तपासणी

त्या वर्षी मी भाऊबीजेला माहेरी, पाचोडला गेले नाही. शाळेत काम आहे, असं दादाला फोनवर सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत कसलं काम, हे त्यानं विचारलं नाही. पण त्यानंतर दहा दिवस त्याचा फोनही आला नाही.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. छावणीतल्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे आणि पडेगावला दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटी राहायचे. नवऱ्यापासून कायद्यानं वेगळी होऊन सहा वर्षं झाली होती. तो दुष्ट वगैरे नव्हता, आमचं जमलं नाही इतकंच. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि माझं नाव शहरात कुणाच्या तोंडी नव्हतं. ते तसंच राहावं अशी माझी फार इच्छा होती.

दिवाळीच्या आधी आम्हा विज्ञान शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. माझ्या शेजारी कन्नडकडच्या एका शाळेतले सर बसायचे. चाळिशीचे, बायको वारलेली, अंगात स्वच्छ इस्त्रीचा शर्ट. प्रशिक्षक फळ्याकडे वळले की हे हळूच असं काही बोलायचे की मला वहीत तोंड लपवावं लागायचं. सहा वर्षांत मला कुणी इतकं हसवलं नव्हतं. शेवटच्या दिवशी दुपारीच सोडलं, तेव्हा त्यांनी मला मोटारसायकलवर पडेगावला आणलं. मी चहा ठेवला. पुढचं सगळं सांगत नाही. चहा तसाच गार झाला, आणि त्याबद्दल दोघांचीही काही तक्रार नव्हती, एवढं पुरे. मुलांना प्रजननसंस्था शिकवणाऱ्या दोन शिक्षकांपैकी एकालाही त्या वेळी काळजी घ्यायचं सुचलं नाही, हे मात्र सांगितलंच पाहिजे.

पहिले दहा दिवस मला एकाच गोष्टीची धास्ती होती. मग पाळी आली आणि मी देवापुढे साखर ठेवली. सुटले, असं वाटलं. त्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत त्या प्रशिक्षणाचा विषय निघाला. आमच्या मराठीच्या बाई डबा उघडता उघडता म्हणाल्या, "ते कन्नडचे सर होते का तिथं? अहो, त्यांची दर प्रशिक्षणाला एक नवी मैत्रीण असते." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग अर्धाच खाल्लेला डबा बंद केला.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

आता इथं एक कबुली देते. एड्सचा धडा आमच्या पुस्तकात होता. तो मी वर्षानुवर्षं अर्ध्या तासात संपवायचे. पोरं खिदळायची, पोरी खाली बघायच्या, म्हणून निम्मा भाग मी "हा घरी वाचा" म्हणून सोडून द्यायचे. पण एक वाक्य फळ्यावर ठळक लिहायचे: एकाच भांड्यात जेवल्यानं, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्यानं हा रोग होत नाही. आणि त्याच मी, घरी आल्यावर, माझा स्टीलचा पेला कपाटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायला लागले. टॉवेलही वेगळा. घरात दुसरं माणूस नव्हतं, पण वेगळं ठेवलं म्हणजे बरं वाटायचं. भाऊबीज चुकवण्याचं कारणही तेच. दादाला ओवाळायचं, त्याच्या घरी जेवायचं, भाच्यांना कुशीत घ्यायचं. माझं शिक्षण एका बाजूला आणि भीती एका बाजूला, आणि भीतीचं पारडं जड.

त्यात खाली खाज सुटायला लागली. झालं! मी अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक टाकायला लागले. खाज वाढली तसं जंतुनाशक वाढवलं. दिवसातून तीनदा धुवायचे. मग आग होऊ लागली, आणि आग होते म्हणजे रोग पक्का, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. सकाळी आरशात जीभ बघायची, रात्री अंगावर डाग शोधायचे. डास चावल्याचा एक ठिपका मी चार दिवस निरखत होते.

दादाच्या रागाचं कारण शोधायला म्हणा की माझा समाचार घ्यायला म्हणा, दिवाळीनंतर एका सकाळी वहिनी दारात उभ्या राहिल्या. एका हातात फराळाचा डबा, दुसऱ्या हातात घरच्या बागेतल्या मोसंब्यांची पिशवी. वहिनी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण हिशोबात आणि माणसांत कधी न चुकणाऱ्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मी परकर-पोलक्यात होते, माझ्या वेण्या त्यांनी घातल्यात. तरी पहिल्या दिवसापासून मला "वन्सं" आणि "तुमी" म्हणायच्या.

"किती वाळल्या वन्सं!" चप्पल काढता काढता त्या म्हणाल्या. "काय, दुखणंबिखणं काढलं का?"

"नाही हो, शाळेची दगदग."

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या, कपाट उघडलं आणि समोर दिसला तो पेला माठात बुडवायला निघाल्या. मी धावत जाऊन तो हातातून ओढून घेतला.

"तो नको! दुसरा घ्या."

वहिनी थबकल्या. मी टॉवेल घेतला, तोही त्यांच्या हाताला लागू नये म्हणून मागं लपवला. त्यांचा चेहरा उतरला.

"काहून? आमी बाटवतो का तुमचा पेला?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दिवाळीला आल्या नाय. तुमचे दादा म्हणले, शेरात राहून तिला आता आपली लाज वाटती. मी भांडले त्यांच्यासंगं. म्हणलं, माझी नणंद तशी नाय. आन् तुमी आता माझ्या हातातून पेला ओढता व्हय?"

त्यांनी पिशवी उचलली. आता त्या निघून जाणार, हे दिसत होतं. मी त्यांच्या वाटेतच खाली बसले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. प्रशिक्षण, मोटारसायकल, चहा, मराठीच्या बाई, खाज, पेला. सांगताना मी फरशीकडे बघत होते. सांगून झाल्यावरही वर बघायचा धीर होईना.

मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"दिसायला कसा व्हता?"

"काय?"

"मास्तर म्हणते मी. दिसायला बरा व्हता का? का उगंच आपलं?"

"बरा होता," मी नाक पुसत म्हणाले.

"मग ठीक हाय." त्यांनी तोच पेला माझ्या हातातून घेतला, माठात बुडवला आणि माझ्यासमोर उभं राहून गटागटा पाणी प्यायल्या. "तुमीच सांगितलं व्हतं मला, आमच्या गावात ती ट्रकवाल्याची बायको आजारी पडली तवा. म्हणल्या, वैनी, पाण्यानं काय व्हत नाय, खुशाल जा तिच्या घरी. मी गेले की नाय? आन् आता सवताच येडेपणा करू राहिल्या. मास्तरीणबाई!"

मग त्या माझ्याजवळ बसल्या. "हे बघा, मनात ठिवून रोग बरा व्हत नसतो. तपासाया कुठं जायचं असतं?"

मला ते ठाऊक होतं. छावणीतल्या खासगी प्रयोगशाळेचा मालक माझ्या वर्गातल्या मुलीचा बाप, म्हणून ती मी केव्हाच बाद केली होती. सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते आणि नाव गुप्त ठेवतात, हे मी दोनदा वाचलं होतं. दोनदा गाडी काढली होती आणि दोनदा फाटकापासून परत आले होते.

"उद्या जाऊ," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या दादाला फोन लावा. सांगा, मला एक दिस ठिवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी ओढणी डोक्यापासून हनुवटीपर्यंत गुंडाळली, वर काळा गॉगल चढवला. वहिनींनाही एक ओढणी दिली.

"मी कुणाला भेते? माझं थोबाड हितं कोण वळखतं?" म्हणत त्यांनी ती परत केली, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या स्कूटीवर मागं बसल्या. रस्ताभर माझ्या कानात सांगत होत्या, की अशी तोंड बांधलेली बाई बघितली की लोक उलट वळून बघतात.

दवाखान्यात खोली शोधत मी लांबलचक व्हरांड्यातून दोनदा गेले आणि दोनदा आले. विचारायचं कुणाला? विचारलं तर तो विचारणार, कशासाठी. तिसऱ्या फेरीला वहिनींचा संयम सुटला. औषधांच्या रांगेजवळ चौकीदार बसला होता. त्याच्यासमोर जाऊन, शेतात हाळी द्यावी तशा आवाजात त्या म्हणाल्या, "ओ भाऊ! ती एड्सची तपासणी कुठं असती?"

अख्खी रांग वळली. मी खांबाआड झाले. चौकीदारानं काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं बोट दाखवलं, "सरळ जा, डाव्या हाताला, तुळशीची कुंडी आहे बघा." लोक वहिनींकडे बघत होते आणि वहिनी लोकांकडे. शेवटी लोकांनीच नजरा खाली घेतल्या.

खोलीत टेबलामागं तिशीच्या आतली एक समुपदेशिका बसली होती. "बसा, ओढणी सोडली तरी चालेल," ती म्हणाली. मी ओढणी सोडली, गॉगल काढला आणि ती उभीच राहिली. चार-दोन क्षणांनी मलाही ओळख पटली. माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसायची.

मी दाराकडे वळले. वहिनींनी माझा दंड धरला.

"मॅडम," ती शांतपणे म्हणाली, "इथं येणाऱ्याला आम्ही नंबर देतो. या खोलीतलं या खोलीतच राहतं. तरी तुम्हाला माझ्यासमोर अवघड वाटत असेल तर माझी सहकारी आहे, तिला बोलावते. वाईट वाटून घेणार नाही."

मी दार लोटून घेतलं. मग बसले. "धड्यातला निम्मा भाग मी शिकवलाच नव्हता," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलंच नाही.

"हो, घरी वाचायला सांगितला होतात," ती हसून म्हणाली. "मी वाचला."

तिनं वहिनींना बाहेर थांबायला सांगितलं. मीच म्हणाले, राहू द्या. मग तिनं कागद पुढं ओढला आणि एकेक विचारायला लागली. कधी झालं, किती वेळा, काही साधन वापरलं का. आवाजात ना कौतुक, ना तिरस्कार. मी पाच आठवडे म्हणाले. तिनं समजावून सांगितलं, की आज रक्त घेऊ, आजचा निकाल बराचसा भरवशाचा असेल, पण पक्की खात्री हवी असेल तर त्या दिवसापासून तीन महिने झाले की पुन्हा एकदा यावं लागेल. एड्सबरोबर गरमीची, म्हणजे सिफिलिसची आणि काविळीचीही तपासणी होईल.

"एक लक्षात ठेवा," ती म्हणाली, "असं काही घडल्यावर पहिल्या तीन दिवसांत आलं तर डॉक्टर रोग टाळायच्या गोळ्यांचाही विचार करू शकतात. पुढं कुणी विचारलं तर सांगा." जणू माझ्याकडे रोज कुणी विचारायला येणार होतं.

मग तिनं लक्षणं विचारली. "खाज? आग? ओटीपोटात दुखतं? अंगावरून पांढरं जातं? वास येतो? संबंधाच्या वेळी त्रास होतो?"

मी खाज आणि आग म्हणाले. बाकीच्यांना नाही म्हणाले. ती लिहीत होती. माझ्या शेजारून आवाज आला.

"बाई, हे समदं मला हाय."

मी वळून बघितलं. वहिनी मघाच्या राहिल्या नव्हत्या. मांडीवर हातात हात घालून बसल्या होत्या, शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलीसारख्या.

"किती दिवसांपासून?" समुपदेशिकेनं विचारलं.

"धाकटा पोटात यायच्या आधीपासून. मधी कमी व्हतं, फिरून येतं. म्या धने भिजवून पेले, तांदळाचं धुवण पेले, उपास केले. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या जातीला हे असतंच. म्हणलं, असंल."

त्यांचा धाकटा तेव्हा आठवीत होता. इतकी वर्षं मी दर सुट्टीत त्यांच्या हातचं खात होते, त्यांच्या कंबरेला तेल लावून देत होते आणि "वहिनी, तुमची कंबर फार दुखते हो" एवढंच म्हणत होते. एका डासाच्या ठिपक्यासाठी मी चार दिवस जागले होते आणि ही बाई चौदा-पंधरा वर्षं गप्प होती.

आम्हा दोघींचंही रक्त घेतलं. मग शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्या छावणीतच राहणाऱ्या, वयानं मोठ्या, मराठीत दखनी हिंदी मिसळून बोलायच्या. आधी मला तपासलं. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "क्या लगाती तुम? काय लावता?"

मी जंतुनाशकाचं नाव सांगितलं. किती आणि कितीदा, तेही सांगितलं.

"अरे बाप रे! फरशी आहे का ती?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला कायबी रोग नाही. चमडी जाळून घेतली तुम्ही. साधं पाणी, बस्स. आणि काय शिकवता तुम्ही?"

"विज्ञान," मी म्हणाले. त्यांनी सुस्कारा सोडला.

वहिनींना त्यांनी बराच वेळ तपासलं. बाहेर आल्यावर दोघींना समोर बसवलं. आत एक संसर्ग होता. नाव सांगितलं, ते वहिनींना उच्चारता येईना. "घाबरू नक्को अम्मा, गोळ्यांनी जातो. मगर एक बात. मालकांनापण घ्याव्या लागतील, एकाच दिवशी. त्यांना त्रास नसला तरी. नाहीतर तुमचा जाईल आणि पुन्हा त्यांच्याकडून येईल. आठ दिवस एकमेकांपासून लांब. आणि गोळ्या घेतल्यावर त्यांनी शराब घ्यायची नाही."

त्यांनी दोन पाकिटं दिली.

"बाई," वहिनींनी विचारलं, "हे आलं कुठून?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "नवराबायकोच्या संबंधातूनच येतो हा. पण कुणी, कधी आणला, ते तपासून सांगता येत नाही. वर्षानुवर्षं चिप, गपचूप बसतो. भांडणं लावायला मी गोळ्या देत नाही."

दुपारी निकाल आले. दोघींचंही रक्त चांगलं होतं. मला हसू आणि रडू एकदमच आलं. वहिनींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण त्यांचं लक्ष हातातल्या पाकिटांवर होतं.

घरी आल्यावर मोसंबी सोलता सोलता म्हणाल्या, "लगीन झाल्यावर दोन-तीन वर्षं तुमचे दादा ट्रकवर व्हते. हैद्राबादला माल नेयाचे. आठवतं का तुमाला?"

मला आठवत होतं. दादा माझ्यासाठी तिकडून बांगड्या आणायचा.

"तुमी मला इतकं सांगितलं," त्या म्हणाल्या, "म्हणून इचारते. मी काय करू?"

"सांगा त्याला. सरळ सांगा."

"आन् इचारतील की, तू कशापायी गेली व्हती तिथं?"

मी काही बोलण्याआधीच त्यांनी उत्तर ठरवलं. "सांगते, वन्संनीच नेलं मला, माझं दुखणं बघून. तुमचं नाव येऊ देत नाय. उलट तुमालाच पुण्य लागल."

त्या गेल्यावर मी कन्नडच्या सरांना फोन केला. समुपदेशिकेनं तसं सुचवलं होतं. मी तपासून घेतलं, तुम्हीही घ्या, म्हणाले. ते दुखावले. "मॅडम, मी तसला माणूस नाही."

"मीही नव्हते," मी म्हणाले, "तरी गेले."

त्यांनी फोन ठेवला. पंधरा दिवसांनी एक संदेश आला: "रिपोर्ट नॉर्मल. आभारी आहे." मराठीच्या बाईंचं म्हणणं खरं होतं की नुसती डब्याबरोबरची चटणी होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही. आम्ही पुन्हा भेटलो नाही. हसवायचे मात्र छान.

पाचोडला काय झालं, ते वहिनी फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगायच्या. पहिल्या दिवशी दादा म्हणाला, मला काय धाड भरलीय. दुसऱ्या दिवशी म्हणाला, असल्या ठिकाणी बायको गेली हे गावाला कळलं तर? तिसऱ्या दिवशी वहिनींनी आपलं अंथरूण पोरांच्या खोलीत टाकलं आणि स्वतःचीही गोळी तशीच ठेवून दिली. "दोघांनी मिळून घ्यायची म्हणल्यात बाई. तुमी घ्या म्हणजे मी घेते. घाई नाय."

पाचव्या दिवशी दादा पडेगावला आला. कधी नव्हे तो, न सांगता. मला वाटलं, आता रागवणार. तो पलंगाच्या कडेला बसला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"पाऊसपाणी कसं आहे तिकडं?" मी विचारलं. डिसेंबर चालू होता.

"बरं हाय," तो म्हणाला.

आम्ही भाऊ-बहीण असले विषय काय, साध्या तापाबद्दलही धड बोललो नव्हतो. वडील गेल्यावर त्यानंच माझं शिक्षण केलं, लग्न केलं आणि मोडलेलं लग्न बिनबोभाट निस्तरलं. कोर्टात माझ्यासोबत दर तारखेला यायचा आणि परतताना एक शब्द बोलायचा नाही. आता खिशातून त्यानं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तू शिकलेली हायेस. हे खरंच दोघांनी घ्यावं लागतं का? मला तर काय त्रास नाय."

मी जन्मात शिकवला नव्हता इतका चांगला धडा तेव्हा शिकवला. पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवत नाही, संसर्ग मात्र असू शकतो, बाईला त्रास होत राहतो. मी भिंतीकडे बघून बोलत होते आणि तो दाराकडे बघून ऐकत होता. संपल्यावर त्यानं पाकीट उलटंपालटं करून बघितलं.

"ट्रकवर असताना…" तो म्हणाला. टोपी पुन्हा काढली. मग एवढंच म्हणाला, "ती इतकी वर्षं दुखणं काढत व्हती. मला वाटायचं, कामाचा कंटाळा करती."

मी पाणी आणून दिलं. "आज दारू चालणार नाही. पुढचे दोन-तीन दिवसही."

"मी कुठं पितो?"

"बरं."

"कधीमधी," तो म्हणाला.

त्यानं गोळी तोंडात टाकायच्या आधी मी फोन लावला. "वहिनी, दादा इथं आहे. घ्यायला लागलाय. तुम्हीही आत्ताच घ्या."

"थांबा, पेला घेते," तिकडून आवाज आला. "हां. म्हणा आता, एक, दोन…"

मी तीन म्हणाले. एक पडेगावात आणि एक पाचोडात, दोघांनी गोळ्या गिळल्या. लग्नात अंतरपाट धरतात तसा मी फोन धरून मधे उभी होते. "गिळली का त्यांनी?" वहिनींनी विचारलं. "तोंड उघडून बघा." दादानं ते ऐकलं, आणि बापाच्या जागी असलेल्या माझ्या भावानं मुकाट्यानं आ केला.

डॉक्टरीणबाईंनी दादाचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. तू सोबत येशील तर येतो, असं तो म्हणाला. संक्रांत झाल्यावर आम्ही तिघं गेलो. माझेही तीन महिने तेव्हा भरले होते. दादा रक्त देऊन बाहेर गेल्यावर मी त्याच खुर्चीवर बसून हात पुढं केला. समुपदेशिकेनं नवा नंबर लिहिला.

दादाचं चांगलं निघालं. वहिनींचं दुखणंही गेलं होतं. माझाही कागद आला, तो मी पर्समध्ये टाकला. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "लई केलंस आमच्यासाठी. तू नेली नसती तर ती गेलीच नसती."

ते मला सहन होईना. वहिनी डोळ्यांनी नको नको करत होत्या, तरी मी बोलले. "दादा, मी त्यांना नेलं नव्हतं. त्यांनी मला नेलं होतं. तपासणी माझी होती."

तो चालता चालता थांबला. रुग्णवाहिका मागून भोंगा वाजवत होती, तरी हलेना. वहिनींनी त्याला बाजूला ओढलं.

"कोण हाय?" त्यानं विचारलं.

"होता. आता नाही."

"त्रास दिला का त्यानं?"

"नाही."

"जबरदस्तीबिबरदस्ती?"

"नाही दादा. माझ्याच मर्जीनं."

त्यानं जमिनीकडे बघत मान हलवली. "मग झालं," तो म्हणाला. "कागद काय म्हणतो?"

"चांगलाय."

"मग झालं," तो पुन्हा म्हणाला आणि बसची वेळ विचारायला म्हणून पुढं निघून गेला. बसची वेळ त्याला तोंडपाठ होती.

वहिनींचं मात्र तिथं संपलं नाही. दुखणं गेल्याचं त्यांनी विहिरीवर कुणाला तरी हळूच सांगितलं, आणि मग दर महिना-दोन महिन्यांनी त्या पाचोडहून एखाददुसरी बाई घेऊन यायला लागल्या. कुणी पाच वर्षं गप्प राहिलेली, कुणी दहा. घरी सांगून काय यायचं? तर शेरात डोळे तपासायला. आमची समुपदेशिका मला बघितलं की हसायची, "मॅडम, आज किती जणींचे डोळे?"

एकदा एक म्हातारी आली. तपासणी झाली, औषध मिळालं, तिच्या मनावरचं ओझं उतरलं. परत निघताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि फार संकोचून म्हणाली, "मॅडम, रागावू नका. पर मला डोळ्यानंबी खरंच दिसत नाय हो. तेबी बघतील का कुणी?"

त्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या विभागातही रांग लावली.